ताप नाही, तरी अँटिबायोटिक कशासाठी?

भाचीच्या दीड वर्षाच्या मुलाचा दंडघेर 11.2 सेंटिमीटर, म्हणजे तीव्र कुपोषणाइतका कमी, भरल्याने त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केले आहे. ताप नाही, पांढऱ्या पेशी नेहमीइतक्या आहेत, क्षयासाठीची मॉन्टॉक्स ही त्वचा-चाचणीही निगेटिव्ह आली, तरी अँटिबायोटिक कशाला आणि डाळ-अंड्याऐवजी पातळ दूध का, असे आपण विचारले आहे. अशा केंद्रात मी बरीच वर्षे परिचारिका होते, म्हणून लिहिते.

आपण दिलासा म्हणून सांगितलेल्या तिन्ही गोष्टींवर तीव्र कुपोषित मुलाच्या बाबतीत भिस्त ठेवता येत नाही. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत घडून टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, होतात. परंतु उपासमारीत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, चरबी झडल्याने तिच्यातून येणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते, आणि त्या पेशी परिपक्व होण्याआधीच मोठ्या संख्येने मरून ग्रंथी आक्रसते. मॉन्टॉक्समध्ये हातावर उठणारी गाठ ही टी पेशींचीच प्रतिक्रिया असल्यामुळे क्षयाचे जंतू अंगात असूनही कातडी सपाट राहू शकते. न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मोजणीत पुरेशा भरतात, पण गिळलेला जंतू मारण्याची त्यांची ताकद उणी पडते. रक्तातील प्रतिपिंडे बहुधा ठीक असतात. आतड्याच्या अस्तरावर पाझरणारे आयजीए हे प्रतिपिंड मात्र घटते.

राहिला ताप. तो आणायलाही अंगात बळ लागते. पहाटे तीनच्या पाजणीला एका मुलीचे पाय गार लागले म्हणून थर्मामीटर लावला, तर पारा 34.8 अंश सेल्सिअसवर, ती रडत नव्हती, खोकतही नव्हती, आणि सकाळी एक्स-रेमध्ये न्यूमोनिया निघाला. यासाठीच जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत दाखल झालेल्या अशा प्रत्येक मुलाला लक्षणांची वाट न पाहता अँटिबायोटिक देतात.

पातळ दुधाचे कारण वेगळे आहे. ते बहुधा एफ-75, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांना सुरुवातीला देतात ते खास दूध, असावे. त्याच्या 100 मिलिलिटरमध्ये 75 किलोकॅलरी आणि जेमतेम 0.9 ग्रॅम प्रथिने असतात. थकलेल्या यकृताला सुरुवातीला जास्त प्रथिने झेपत नाहीत, म्हणून भूक परतल्यावरच 2.9 ग्रॅमच्या एफ-100 कडे वळतात. घरून डबा आणून चोरून अंडे भरवणाऱ्या आज्या मी पुष्कळ पाहिल्या. माया खरी, पण तेवढे टाळावे.

बोलिव्हियात अशा मुलांच्या थायमसची सोनोग्राफी केली, तेव्हा वजन सुमारे महिन्याभरात सावरले, ग्रंथी पूर्ववत व्हायला मात्र दोन महिने लागले. त्यामुळे घरी आल्यावरही महिनाभर खोकलेकरी पाहुण्यांपासून बाळाला जपावे, आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिला असल्यास सुटी मिळण्यापूर्वीच सिस्टरांना विचारून घ्यावे.