चेकराइडच्या दिवशी कॅप्टन तुम्हीच असता

या वेळची बरीचशी पत्रं अमेरिकेत प्रायव्हेट पायलट लायसन्स घेणाऱ्यांची आहेत, आणि सगळ्यांची गाडी येऊन थांबलीय शेवटच्या प्रॅक्टिकलवर, म्हणजे चेकराइडवर. मी स्वतः इन्स्ट्रक्टर असल्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितेय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी एडिसन, न्यू जर्सीला असतो, आयटीत आहे, वीकेंडला फ्लाइंग शिकतो. सेसना १७२ या चार सीटच्या छोट्या विमानावर तास पूर्ण झालेत, रिटन पण झाली, पुढच्या महिन्यात चेकराइड आहे. फ्लाइंगचं एवढं टेन्शन नाही पण ओरलच्या नावानं झोप उडालीय. एक्झामिनर काहीही विचारू शकतो म्हणतात, उत्तर नाही आलं तर? माझे उच्चार पण इकडच्यासारखे नाहीत. आणि स्टीप टर्नमध्ये, म्हणजे विमान खूप कलवून घेतलेल्या वळणात, कधी कधी हाइट शंभर फुटांच्या बाहेर जाते, तसं झालं तर तिथेच फेल का?

उत्तर : आपण सगळे व्हायव्हा देत मोठे झालोय. समोर एक्सटर्नल बसलेला, तो विचारणार आणि आपण काही ना काही बोलत राहायचं कारण गप्प बसलं की मार्क गेले, शिवाय सरांना नाही म्हणायचं नाही. ही सवय अंगात मुरलेली असते आणि चेकराइडला नेमकी तीच नडते. कारण इथे नियमानुसार पायलट इन कमांड, म्हणजे विमानाचा कॅप्टन, तुम्ही असता, शेजारी बसलेला एक्झामिनर नाही. त्याला बघायचं असतं की हा माणूस उद्या बायकामुलांना विमानात बसवून एकटा निर्णय घेऊ शकेल का. त्यामुळे तो मुद्दाम म्हणेल, चला थोडं वजन जास्त आहे पण मला संध्याकाळी लग्नाला पोचायचंय, जाऊ या ना. तिथे तुम्ही शांतपणे 'नाही, हे वजन बसत नाही, एक बॅग काढू या नाहीतर इंधन कमी घेऊन मध्ये एक स्टॉप करू' असं म्हणायला हवं. मी माझ्या विद्यार्थ्यांकडून हे नाही म्हणणं मोठ्यानं बोलून घेते, कारण मनात येतं पण तोंडातून निघत नाही.

आता 'काहीही विचारतो' याबद्दल. तसं नाहीये. एअरमन सर्टिफिकेशन स्टँडर्ड्स, म्हणजे एसीएस, नावाचं एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं, पुस्तक आहे, प्रायव्हेटसाठी ते २०१६ पासून लागू झालं, फुकट डाउनलोड होतं, आणि एक्झामिनरला त्याच्या बाहेर जाता येत नाही. काय विचारणार, काय उडवून घेणार, किती चूक चालते, सगळं त्यात छापलेलं आहे. इतकी उघडी परीक्षा दुसरी मी पाहिलेली नाही आणि तरी कितीतरी जण ते पुस्तक न उघडता यूट्यूबवर मॉक ओरल बघत बसतात याचं मला खरंच वाईट वाटतं. शिवाय रिटनच्या रिपोर्टवर चुकलेल्या विषयांचे कोड असतात, त्यावर प्रश्न येणारच, म्हणजे अर्धा पेपर तर तुमच्या हातातच आहे.

ओरल साधारण एका प्रवासाभोवती फिरतं. एक्झामिनर आधीच सांगतो की अमुक ठिकाणी जायचंय, प्लॅन करून आणा. मग त्या चार्टवर बोट ठेवून विचारतो, इथे कुठला एअरस्पेस, म्हणजे कुठल्या प्रकारची हवाई हद्द, आत जायला काय लागतं. तुमच्याकडे तर नेवार्कचा क्लास ब्राव्हो, म्हणजे मोठ्या विमानतळाभोवतीची कडक नियंत्रणाची हद्द, डोक्यावरच आहे, तेव्हा तिथे नुसता रेडिओ संपर्क झाला म्हणजे भागलं असं नाही, स्पष्ट क्लिअरन्स ऐकू यायला हवा, हे झोपेतही सांगता आलं पाहिजे. दिवसा व्हीएफआरला, म्हणजे बाहेर बघत उडताना, पोचल्यावर ३० मिनिटांचं इंधन शिल्लक, रात्री ४५ मिनिटांचं. विमानाची अ‍ॅन्युअल (वार्षिक तपासणी) १२ महिन्यांची, भाड्यानं शिकवत असतील तर १०० तासांचं इन्स्पेक्शन, ट्रान्सपाँडरची, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या उपकरणाची, तपासणी २४ महिन्यांची. मेंटेनन्सच्या वह्या आदल्या दिवशीच मागून घ्या आणि त्या पानांना चिठ्ठ्या लावून ठेवा, समोर बसून पानं उलटत राहिलात की स्वतःचाच धीर सुटतो.

उत्तर नाही आलं तर सरळ सांगा, 'आत्ता आठवत नाही पण कुठे आहे ते माहीत आहे, बघून सांगतो', आणि नियमांचं पुस्तक किंवा विमानाचं हँडबुक उघडा. बहुतेक एक्झामिनरना हे चालतं, आवडतंही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. प्रत्येक प्रश्नाला पुस्तक उघडलं तर ते अज्ञानच दिसतं, आणि इमर्जन्सीचे आकडे पाठच हवेत. १७२ एस असेल तर बेस्ट ग्लाइड, म्हणजे इंजिनाशिवाय सगळ्यात लांब तरंगत जायचा वेग, ६८ नॉट्स, इंजिन बंद पडल्यावर पुस्तक शोधायला वेळ नसतो. सगळ्यात घातक म्हणजे ठोकून देणं. एक थाप मारली की पुढचा प्रश्न त्याच थापेवर येतो आणि तिथून खाली जायला लागतो माणूस. विचारलं तेवढंच सांगा, आपली हुशारी दाखवायला जास्तीचं दार उघडू नका.

उच्चारांचं म्हणाल तर नियम म्हणतो की इंग्रजी वाचता, बोलता, लिहिता आणि समजता आली पाहिजे. एडिसनचे उच्चार पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही. टॉवरशी तुम्ही इतके महिने बोलताय, त्यांना समजतंय, तुम्हाला त्यांचं समजतंय, झालं की. हळू बोला, आणि नाही समजलं तर 'से अगेन' म्हणायला लाजू नका, चुकीच्या रनवेकडे वळण्यापेक्षा ते हजार पटींनी बरं.

स्टीप टर्न. ४५ अंशांचा बँक (कल), हाइट १०० फूट इकडेतिकडे, स्पीड १० नॉट्स, बाहेर निघताना हेडिंग (नाकाची दिशा) १० अंशांत. पण एसीएसची भाषा नीट वाचा, नापास होतो तो जो वारंवार मर्यादेबाहेर जातो, किंवा गेल्यावर लगेच दुरुस्त करत नाही. ११० फूट खाली गेलात आणि एक्झामिनर बोलायच्या आत 'हाइट जातेय, दुरुस्त करतोय' म्हणत परत आणलीत तर ते बहुतेक वेळा निभावतं. उलट मनूव्हर सुरू करायच्या आधी आजूबाजूला विमान नाही ना हे न बघताच वळलात तर तेवढ्यावरून फेल होता येतं, आणि एक्झामिनरला कंट्रोल हातात घ्यावा लागला तर संपलंच. लँडिंगलाही तेच. शॉर्ट फील्डला, म्हणजे आखूड रनवेवर उतरताना, ठरवलेल्या जागेपासून पुढे २०० फुटांच्या आत टेकायचं असतं, अलीकडे टेकलेलं चालत नाही. जमत नाहीये असं वाटलं की फुल पॉवर देऊन गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता परत वर जा, त्याला कोणी नापास करत नाही, पण वेड्यावाकड्या अ‍ॅप्रोचवर 'कसंतरी उतरवतो' म्हणणाऱ्याला मात्र मी स्वतःसुद्धा पास करणार नाही.

आणि एक आपल्या लोकांसाठी खास. पासपोर्टवर मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते गायब किंवा नुसतं अक्षर, आणि ऑनलाइन अर्जात तिसरंच काहीतरी. यात चेकराइड सुरू व्हायच्या आधीच अडकते. नाव तपासा. लॉगबुकातला लांबचा सोलो प्रवास १५० नॉटिकल मैलांचा भरतोय ना, एक टप्पा ५० च्या वरचा आहे ना, इन्स्ट्रक्टरच्या सगळ्या सह्या आहेत ना, आणि टेस्टच्या तयारीचे ३ तास मागच्या २ कॅलेंडर महिन्यांत झालेत ना, हे इन्स्ट्रक्टरसोबत बसून बोट ठेवून बघा.

प्रश्न : ओरल झाली पण वारा वाढला तर काय करायचं? तारीख मिळवायला महिने गेलेत, पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. सुट्टीही टाकलीय.

उत्तर : नका जाऊ. इतकं सोपं आहे हे. 'वारा माझ्या मर्यादेबाहेर आहे, मी आज उडत नाही' असं सांगायचं आणि एक्झामिनर तुम्हाला डिसकंटिन्युअन्सचं, म्हणजे परीक्षा मध्येच थांबवल्याचं, पत्र देतो. ते फेल नाही. ओरल पास म्हणून धरली जाते आणि ६० दिवसांच्या आत उरलेलं उड्डाण पूर्ण केलं की काम झालं. ६० दिवस उलटले तर मात्र सगळं पहिल्यापासून, म्हणून तिथे बसल्या बसल्याच पुढची तारीख मागून घ्या. फीचं काय ते आधीच विचारून ठेवा, फी प्रत्येक एक्झामिनर आपली आपण ठरवतो. तुमची सुट्टी वाया जाईल हे कळतंय मला, पण ज्या वाऱ्यात एकट्यानं गेला नसता त्या वाऱ्यात परीक्षेसाठी जायचं हा निर्णयच चुकीचा, आणि समोरचा नेमकं तेच तपासायला बसलाय.

प्रश्न : नमस्कार. माझी मुलगी कमर्शियल पायलट व्हायला फ्लोरिडाला गेली आहे. पहिलीच प्रायव्हेटची चेकराइड फेल झाली, फोनवर सारखी रडते. आम्ही नाशिकला. कर्ज काढून पाठवलंय. करिअर संपलं का? (एक वडील)

उत्तर : काका, नाही संपलं. आधी तिला जेवलीस का विचारा आणि कर्जाचा विषय काही दिवस फोनवर काढूच नका, तिला तो आकडा पाठ आहे. झालंय असं की तिला डिसअ‍ॅप्रूव्हलची नोटीस मिळालीय आणि त्यावर काय राहिलं ते लिहिलेलं असतं. पुन्हा पूर्ण परीक्षा नसते, इन्स्ट्रक्टरकडून त्या भागाची तयारी करून त्याची सही घ्यायची आणि ६० दिवसांत तेवढाच भाग द्यायचा, अमुक दिवस थांबलंच पाहिजे असंही काही नाही. त्यामुळे फार दिवस रिकामी बसू देऊ नका, हात बसलेला असतो तोवर गेलेलं बरं.

नोंद राहते हे खरं आहे, ते तुमच्यापासून लपवणार नाही. पुढे कुठे नोकरीच्या अर्जात विचारलं तर खरं लिहायचं आणि काय चुकलं, काय सुधारलं ते दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. एका प्रायव्हेटच्या फेलनं दारं बंद होत नाहीत, लपवल्यानं होतात. एक मात्र तिला जरूर विचारा, की तयारी नसताना स्कूलनं घाईनं पाठवलं का. तसं असेल तर पुढच्या चेकराइडआधी दुसऱ्या एखाद्या इन्स्ट्रक्टरकडून पूर्ण मॉक चेकराइड करून घ्या, दोन-तीन तासांचे पैसे जातात पण ते वसूल होतात. पुढे इन्स्ट्रुमेंट आणि कमर्शियल अशा आणखी चेकराइड आहेतच तिला.

प्रश्न : पास झाल्यावर प्लॅस्टिकचं कार्ड यायच्या आधी आईबाबांना विमानात नेता येतं का? ते दोघं पुण्याहून आलेत, परत जायची तारीख जवळ आलीय. पेट्रोलचे पैसे बाबा देतो म्हणतायत.

उत्तर : येतं की! पास झाल्यावर मिळणारा कागद हेच तात्पुरतं लायसन्स, १२० दिवस चालतं. मागच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झालेली हवीत, ती तुमची असणारच. रात्री न्यायचं असेल तर रात्रीची ३ वेगळी आणि ती पूर्ण थांबून केलेली, पण पहिल्यांदा नेताय तर सकाळचंच न्या, हवा शांत असते आणि आईंना मळमळणार नाही. पैशांचं असं की भाडं आणि इंधन विमानातल्या सगळ्यांत वाटून घेता येतं पण तुमचा वाटा तुम्हीच द्यायचा, तुम्ही तिघं असाल तर एक तृतीयांश तुमचा, सगळं बिल बाबांनी भरलं तर ते नियमात बसत नाही, त्यांना जेवणाचं बिल भरू द्या. आणि बायकोही येणार असेल तर बसण्याआधी वजनाचा हिशेब करा, १७२ ला सीट चार असल्या तरी टाक्या भरल्या की साधारण ३१८ पाउंड इंधनाचेच होतात, चार मोठी माणसं बहुतेक वेळा बसत नाहीत. इंधन कमी घ्या आणि छोटी फेरी मारा, नाहीतर दोन फेऱ्या करा.