वाचकांचे प्रश्न : पेढ्या, कर्जे आणि प्राचीन इतिहासकार

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे दोनच विषयांवरची आहेत : बँकांचा इतिहास, आणि ग्रीक व रोमन इतिहासकार. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हे विषय निरनिराळ्या प्रकरणांत येत असले, तरी येथे ते एकत्र घेतले आहेत, कारण प्राचीन पेढ्यांच्या वह्या जवळजवळ टिकलेल्याच नाहीत. त्या व्यवहारांविषयी आज जे ठाऊक आहे, त्यातील मोठा भाग इतिहासकारांनी ओघात केलेल्या नोंदींतून आणि अथेन्सच्या न्यायालयांतील भाषणांतून हाती आला आहे.

प्रश्न : जगातील सर्वांत जुनी बँक कोणती? एका पुस्तकात सिएनाचे, दुसऱ्यात जिनोआचे आणि तिसऱ्यात स्वीडनचे नाव आढळले. बरोबर उत्तर कोणते समजावे?

तिन्ही उत्तरे बरोबर ठरू शकतात; घोटाळा प्रश्नाच्या मांडणीत आहे. आजही व्यवहार चालू असलेली सर्वांत जुनी बँक विचारली असेल, तर इटलीतील सिएना येथील ‘मोंते देई पास्की’ हे उत्तर द्यावे. १४७२ मध्ये गरजूंना माफक व्याजाने कर्ज देणारी संस्था म्हणून ती नगरशासनाने स्थापन केली. २०१७ मध्ये ती बुडू नये म्हणून इटलीच्या सरकारला तिच्यात मोठी रक्कम ओतावी लागली, तेव्हा तिचे वय हाच तिचा सर्वांत भक्कम भाग उरला होता, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही. जिनोआची सेंट जॉर्ज बँक १४०७ ची, म्हणजे सिएनाच्या बँकेहून जुनी. परंतु नेपोलियनच्या काळात, १८०५ मध्ये, ती बंद झाली. स्वीडनची ‘रिक्सबँक’ १६६८ ची असून, आज अस्तित्वात असलेल्या मध्यवर्ती बँकांत ती सर्वांत जुनी आहे. १६९४ ची बँक ऑफ इंग्लंड तिच्यानंतरची. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी सरकारला १२ लाख पौंड ८ टक्के व्याजाने उभे करून देण्याच्या बोलीवर तिला सनद मिळाली होती, आणि १९४६ पर्यंत तिची मालकी खासगी भागधारकांकडे होती, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

प्रश्न : कागदी नोटा प्रथम स्वीडनमध्ये निघाल्या, हे खरे आहे काय?

युरोपापुरते खरे आहे. चीनमध्ये सिचुआन प्रांतात अकराव्या शतकातच सरकारी नोटा चलनात होत्या, आणि त्यामागे तेथील लोखंडी नाण्यांचे ओझे हे एक मोठे कारण होते. स्वीडनमधील कारणही वजनाचेच होते. तेथे तांब्याच्या खाणी मोठ्या असल्यामुळे १६४४ पासून तांब्याचे चौकोनी पत्रे नाणी म्हणून पाडले जात, आणि त्यांतील दहा डॅलरचा (डॅलर हे तेथील चलन) पत्रा सुमारे २० किलो भरत असे. योहान पाल्मस्ट्रुक याने काढलेल्या ‘स्टॉकहोल्म्स बँको’ या बँकेत लोक हे पत्रे ठेव म्हणून आणून ठेवत. पुढे सरकारने त्याच किमतीचे हलके पत्रे पाडण्यास सुरुवात केली, तेव्हा जुन्या जड पत्र्यांतील तांबे अधिक मोलाचे ठरले आणि ठेवीदार आपले जुने पत्रे परत मागू लागले. बँकेने तर ते कर्जाऊ देऊन टाकलेले होते. यातून वाट काढण्यासाठी पाल्मस्ट्रुकने १६६१ मध्ये नोटा काढल्या. त्या लोकांच्या एवढ्या पसंतीस उतरल्या की त्याला छापण्याचा मोह आवरला नाही, आणि तीन वर्षांच्या आत त्या वटवण्यास बँकेकडे पैसा उरला नाही. पाल्मस्ट्रुक तुरुंगात गेला. त्याच्या बँकेच्या अवशेषांवर जी रिक्सबँक उभी राहिली, तिला सुरुवातीस नोटा काढण्यास मनाई होती, यावरून त्या प्रकरणाचा धसका किती होता ते दिसते.

प्रश्न : प्राचीन ग्रीसमध्ये बँका होत्या, असे वाचले. त्या आजच्या अर्थाने बँका होत्या, की केवळ नाणी बदलून देणारे सराफ?

प्रारंभ नाणेबदलीपासूनच झाला. प्रत्येक नगरराज्याचे नाणे वेगळे असल्यामुळे बंदरावर उतरलेल्या व्यापाऱ्याला प्रथम सराफाकडेच जावे लागे. मात्र इ.स.पू. चौथ्या शतकातील अथेन्समध्ये हे सराफ ठेवी स्वीकारत होते, कर्जे देत होते आणि ठेवीदाराच्या सांगण्यावरून त्रयस्थ व्यक्तीला पैसेही चुकते करत होते. तेव्हा त्यांना बँकर म्हणण्यास हरकत नसावी.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव पासिओन याचे. तो मुळात एका पेढीच्या दोन मालकांचा गुलाम होता. कामातील सचोटीमुळे त्याला मुक्ती मिळाली, पुढे पेढी त्याच्याच हाती आली, आणि ढालींचा कारखाना काढून त्याने नगराला एक हजार ढाली भेट दिल्यावर त्याला अथेन्सचे नागरिकत्वही मिळाले. इ.स.पू. ३७० च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला, त्यापूर्वी त्याने पेढी आणि कारखाना आपल्याच मुक्त केलेल्या गुलामाला, फॉर्मिओनला, भाड्याने दिला होता. भाडे वर्षाला २ टॅलंट ४० मिना होते, आणि त्यांपैकी १०० मिना केवळ पेढीचे होते. (एक टॅलंट म्हणजे ६० मिना, आणि चांदीच्या वजनात सुमारे २६ किलो.) मृत्युपत्रात त्याने आपल्या पत्नीचा विवाहही फॉर्मिओनशी ठरवून दिला. थोरला मुलगा अपोलोडोरस याला हे मुळीच रुचले नाही, आणि त्याने एकामागून एक खटले भरले. आपल्या दृष्टीने त्याची ही भांडकुदळ वृत्ती फार उपकारक ठरली, कारण अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस याच्या नावावर टिकून राहिलेल्या त्या खटल्यांतील भाषणांतूनच पेढीच्या आतला कारभार दिसतो.

उदाहरणादाखल लायकॉन या व्यापाऱ्याचे प्रकरण पाहावे. तो हेराक्लिया नगरचा रहिवासी होता. लिबियाकडे निघण्यापूर्वी त्याने पासिओनकडे साक्षीदारांसमक्ष हिशेब केला आणि शिल्लक राहिलेले १६ मिना ४० ड्राख्मा (शंभर ड्राख्मांचा एक मिना) केफिसिआदीस नावाच्या भागीदाराला द्यावेत, असे सांगितले. पेढीची रीत अशी होती की वहीत प्रथम ठेवीदाराचे नाव व रक्कम लिहायची, आणि शेजारी ‘अमुक व्यक्तीस द्यावे’ अशी नोंद करायची. घेणाऱ्याचा चेहरा पेढीवाल्याच्या परिचयाचा असेल तर तेवढे पुरे. नसेल, तर त्याची ओळख कोण पटवून देईल, त्याचेही नाव तेथेच लिहून ठेवायचे. केफिसिआदीस त्या वेळी परदेशी होता आणि पासिओन त्याला ओळखत नव्हता, म्हणून आर्खेबिआदीस या ओळखदाराचे नाव वहीत नोंदले गेले. पुढे लायकॉनच्या जहाजावर चाचांनी हल्ला केला व त्या जखमांनी तो मरण पावला, तेव्हा कॅलिपस नावाच्या एका अथेनियन गृहस्थाने त्या पैशावर हक्क सांगितला. परंतु वहीत त्याचे नाव नव्हते, आणि पैसे केफिसिआदीसला मिळाले. खाते उघडताना ओळखदाराची सही मागणारी पद्धत किती जुनी आहे, हे यावरून लक्षात यावे.

प्रश्न : हिरोडोटस, थ्युसिडिडीस आणि झेनोफोन यांचा क्रम कसा लक्षात ठेवावा? त्यांनी पैशाविषयी काही लिहिले आहे काय?

क्रम आपण दिला आहे तोच आहे. हिरोडोटस हा हॅलिकार्नासस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील बोद्रुम, येथला. त्याचा मुख्य विषय ग्रीक-पर्शियन युद्धे. थ्युसिडिडीसने अथेन्स-स्पार्टा युद्धाचा इतिहास लिहिला, तो इ.स.पू. ४११ च्या घटनांपाशी मध्येच तुटतो, आणि झेनोफोन तेथूनच पुढे धागा उचलून इ.स.पू. ३६२ पर्यंत येतो. तिघांची साखळी ध्यानात राहण्यास एवढे पुरेसे आहे.

पैशाविषयी म्हणाल, तर तिघांकडेही सांगण्यासारखे आहे. आपल्या माहितीप्रमाणे सोन्याचांदीची नाणी पाडून वापरणारे लिडियन लोक पहिले, असे हिरोडोटस नोंदवतो. थ्युसिडिडीसचे तर थ्रेसमधील सोन्याच्या खाणींत हितसंबंध होते, आणि त्याची लेखणी अर्थकारणाच्या बाबतीत इतर दोघांहून काटेकोर आहे, असे मला वाटते. युद्धाच्या प्रारंभी अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने नगराच्या तिजोरीचा जो हिशेब मांडला, तो त्याने दिला आहे : मांडलिकांकडून वर्षाला सुमारे ६०० टॅलंट, अक्रोपोलिस या नगराच्या टेकडीवरील गडात ६,००० टॅलंटची नाणी, आणि अगदी निकड पडल्यास अथीना देवीच्या मूर्तीवरील काढता येण्याजोगे ४० टॅलंट सोने. त्या शिलकेतून १,००० टॅलंट बाजूला काढून ठेवण्यात आले, आणि शत्रूचे आरमार नगरावर चालून आल्याखेरीज त्यास हात लावण्याचा ठराव मांडणाऱ्याला देहदंड सांगितला गेला. राखीव निधीचे एवढे कडक नियमन नंतरही क्वचितच झाले असेल. सिसिलीतील मोहिमेत आरमार गमावल्यावर आणि खिओस या मित्र बेटाने बंड केल्यावर, इ.स.पू. ४१२ मध्ये, हा नियम रद्द करून तो निधी वापरावा लागला.

झेनोफोनची गोष्ट वैयक्तिक आहे. पर्शियातून परतताना लुटीतील जो हिस्सा आर्टेमिस देवीसाठी वेगळा काढला होता, तो त्याने एफेससच्या मंदिरातील मेगाबायझस या अधिकाऱ्याकडे ठेव म्हणून सोपवला, कारण तो स्वतः पुन्हा युद्धावर निघाला होता. आपण जिवंत राहिलो तर रक्कम परत द्यावी, न राहिलो तर देवीला रुचेल तशी खर्च करावी, अशी बोली होती. पुढे मेगाबायझस ऑलिम्पियाचे खेळ पाहण्यास आला, तेव्हा त्याने ती परत केली, आणि झेनोफोनने तिच्यातून देवीसाठी जमीन विकत घेतली. मोठी मंदिरे त्या काळी सुरक्षित तिजोरीचे काम करत, त्याचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय.

प्रश्न : रोमन काळात आजच्यासारखे आर्थिक संकट आल्याची नोंद आहे काय?

आहे, आणि ती रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या ‘ॲनल्स’ या ग्रंथाच्या सहाव्या पुस्तकात आहे. घटना इ.स. ३३ ची, म्हणजे सम्राट टायबेरियसच्या कारकिर्दीतील. इटलीतील सावकारी आणि जमीनधारणा यांवर ज्युलियस सीझरने घातलेले निर्बंध कागदावर होते, पण कोणी पाळत नव्हते. अचानक त्या कायद्याखाली सावकारांवर फिर्यादींचा पाऊस पडला. प्रकरण सिनेटपुढे आले, तेव्हा सगळे सिनेटरच त्या दोषाचे धनी निघाले आणि त्यांनी सम्राटाकडे क्षमा मागितली. व्यवहार कायद्यात बसवण्यासाठी दीड वर्षाची मुदत मिळाली. आता प्रत्येकजण आपली कर्जे एकाच वेळी वसूल करू लागला, तेव्हा नाण्यांची टंचाई झाली. शिवाय शिक्षा झालेल्यांच्या मालमत्ता विकून आलेला पैसा सरकारी तिजोरीत अडकून पडलेलाच होता.

सिनेटने यावर काढलेला उपाय असा की प्रत्येक सावकाराने आपल्या भांडवलाचे दोन-तृतीयांश इटलीतील जमिनीत गुंतवावे. हेतू चांगला होता. परंतु सावकारांनी कर्जाची पूर्ण रक्कम मागितली, ऋणकोंनी जमिनी विक्रीला काढल्या, आणि सावकारांनी जमीन आणखी स्वस्त होईल या आशेने पैसा दाबून ठेवला. भाव कोसळले, आणि प्रतिष्ठित घराणी धुळीस मिळू लागली. अखेरीस टायबेरियसने पेढ्यांमार्फत १० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खुले केले : तीन वर्षांसाठी, बिनव्याजी, मात्र कर्जाच्या दुप्पट किमतीची जमीन तारण देण्याच्या अटीवर. त्यानंतर पत पुन्हा सावरली आणि खासगी सावकारही हळूहळू पुढे आले. जमीन खरेदीच्या ठरावाचे काय झाले, तेही टॅसिटस त्याच्या तिरकस पद्धतीने सांगून टाकतो : अशा गोष्टींचे नेहमी होते तेच, आरंभी कडक आणि शेवटी ढिलाई.

सरकारने कर्जदारांना हात दिल्याची याहून जुनी नोंद लिव्ही या रोमन इतिहासकाराकडे आहे. इ.स.पू. ३५२ मध्ये पाच आयुक्त नेमून त्यांनी रोमच्या फोरममध्ये, म्हणजे मुख्य चौकात, मेज मांडले आणि योग्य तारण घेऊन सरकारी पैशातून लोकांची कर्जे फेडली. या पाच जणांनी हे अवघड काम इतक्या समतोलपणे केले की त्यांची नावे इतिहासात यावीत, असे लिव्हीला वाटले, आणि त्याने ती दिलीही आहेत.

प्रश्न : पॉलिबियस हा ग्रीक होता की रोमन?

ग्रीक. ग्रीसमधील मेगालोपोलिसचा हा राजकारणी आणि इतिहासकार इ.स.पू. १६७ मध्ये ओलीस म्हणून रोमला नेला गेला, तेथे धाकटा स्किपिओ या रोमन सेनापतीचा स्नेही झाला, आणि इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेजचा विध्वंस त्याने त्याच्यासोबत प्रत्यक्ष पाहिला. रोमन लोकांच्या पैशाच्या सवयींवर त्याने परक्याच्या नजरेने लिहिले आहे. स्किपिओला घराण्यातील दोन स्त्रियांच्या हुंड्याची प्रत्येकी २५ टॅलंटची उरलेली रक्कम द्यायची होती, आणि कायद्याने त्यास तीन वर्षांची मुदत होती. दहा महिन्यांनी त्यांचे पती, टायबेरियस ग्रॅकस आणि स्किपिओ नासिका, सहज चौकशीसाठी सराफाकडे गेले, तर तो पूर्ण रक्कम त्यांच्या नावे वर्ग करू लागला. सराफाची काहीतरी चूक होते आहे, असे समजून ते स्किपिओकडे गेले. पण आज्ञा खरोखरच तशी होती. रोममध्ये ठरल्या दिवसाआधी कोणी एक टॅलंटही देत नाही, अशी पुस्ती पॉलिबियस जोडतो.

प्रश्न : कोणत्या रोमन सम्राटाचे वडील सावकार होते?

व्हेस्पेशियनचे. सम्राटांची चरित्रे लिहिणाऱ्या सुएटोनियसच्या म्हणण्यानुसार ते प्रथम आशिया प्रांतात करवसुली करत, आणि ‘प्रामाणिक करवसुली करणाऱ्यास’ असा लेख असलेले त्यांचे पुतळे तेथील नगरांनी उभारले होते. नंतर त्यांनी हेल्व्हेशियन लोकांच्या प्रदेशात सावकारी केली आणि तेथेच त्यांचा मृत्यू झाला. हा प्रदेश म्हणजे आजचे स्वित्झर्लंड.