वालावरचा काळा मावा: फवारणीआधी शेंडा नीट बघा

वालाचे शेंडे आणि फुलांचे तुरे काळ्या माव्याने, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीने, भरलेत, निंबोळी तेल तीनदा मारलं तरी आठवड्यात पुन्हा तेच, आता वेल उपटू का, असं तुम्ही विचारलंय. उपटू नका. मी 16 वर्षं गच्चीवर वाल आणि चवळी लावतेय. थंडीत चार दिवस आभाळ आलं की हा पाहुणा ठरलेला.

तो इतक्या पटकन परततो, कारण माव्याच्या मादीला नर लागत नाही. ती थेट पिल्लंच देते आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः माद्या होतात. फवारणीतून पाच-सहा वाचल्या तरी शेंडा परत भरतो. आणि त्या तीन फवारण्यांत मावा खाणारेही मेले असणार, माझी खरी काळजी ती आहे.

म्हणून आधी एक शेंडा हातात घेऊन नीट बघा. पांढरे कोंड्यासारखे कण दिसले तर ती बुरशी नव्हे, माव्याने टाकलेली कात आहे. मधेच एखादा मावा फुगलेला, तपकिरी, कागदासारखा कोरडा दिसेल. त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय, तो शेंडा अजिबात तोडू नका. आणि मगरीच्या पिल्लासारखी, काळपट अंगावर नारिंगी ठिपके असलेली अळी दिसली तर तिला चिरडू नका, ती मावा खाणाऱ्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी आहे. सुरुवातीची दोन वर्षं मी या अळ्या कीड समजून वेचून मारल्या. आजही वाईट वाटतं.

आता मुंग्या. माव्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, पानांवर पुढे काळी बुरशी धरते तीही त्याच्यावरच. त्या गोडासाठी मुंग्या माव्याची राखण करतात, ढालकिड्याला हुसकावून लावतात. मुंग्या थांबल्या नाहीत तर बाकी सगळं वाया जातं. दुधाच्या पातेल्याखाली आपण पाण्याची परात ठेवतो ना, तसंच करा: कुंडी विटांवर ठेवा आणि विटा पाण्याच्या ताटलीत. डास होऊ नयेत म्हणून पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. वेलाचं एकही टोक भिंतीला किंवा ग्रिलला टेकता कामा नये, तेवढा पूल मुंग्यांना पुरतो. मांडव भिंतीला बांधलेला असेल तर तो सोडवून कुंडीतच काठ्या रोवा.

मग सकाळी पाण्याचा जोरदार फवारा, शेंड्यामागे हात धरून, खालच्या बाजूने. पडलेला मावा सहसा परत चढत नाही. तीन दिवस रोज करा. फार भरलेले तुरे सरळ खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा.

एवढ्याने भागलं नाही तरच निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, थोडं रिठ्याचं पाणी घालायचं. संध्याकाळी मारा, उन्हात त्याचा गुण लवकर जातो. तो लगेच मारत नाही. मावा खायचा थांबतो, कात नीट टाकू शकत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिवंत दिसला म्हणून पुन्हा मारू नका, सात दिवस थांबा. अळ्या असलेले शेंडे मात्र वगळा. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. तंबाखूचं पाणी तर मुळीच नको. शेंगा आपण खाणार आहोत, आणि त्यातलं निकोटिन मधमाश्यांनाही मारतं.

पेंडीचं पाणी देत असाल तर महिनाभर बंद ठेवा. वाल स्वतःचं नत्र मुळांवरच्या गाठींतून मिळवतो. वरून आणखी दिलं की पालवी लुसलुशीत होते आणि मावा तिथेच बसतो.

कोथिंबीर-शेपूची दोन-चार रोपं न खुडता फुलू द्या, त्या फुलांवर सिरफिड माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. आवाराबाहेर रुईचं झाड असेल तर त्याच्यावरचा पिवळा मावा बघून घाबरू नका. तो रुई-कण्हेरीवरच राहतो, वालावर येत नाही, आणि ढालकिडे तिथे पोसले जातात. माझ्याकडे दर डिसेंबरात पहिले ढालकिडे त्या रुईवरच दिसतात.