सेटटाइमआउटपुढे अवेट लिहूनही कोड थांबत का नाही?

जावास्क्रिप्टमध्ये अवेट ('हे होईपर्यंत थांब') लिहून सेटटाइमआउटला, म्हणजे ठरावीक वेळाने काम चालवणाऱ्या टायमरला, २००० मिलिसेकंद दिले तरी पुढची ओळ लगेच का चालते, असं तुम्ही विचारलंय. अवेट थांबतं ते प्रॉमिससाठी, म्हणजे 'काम झालं की कळवतो' असं सांगणाऱ्या ऑब्जेक्टसाठी, आणि सेटटाइमआउट प्रॉमिस देतच नाही, म्हणून. ब्राउझरमध्ये तो टायमरचा नंबर देतो, नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) एक वेगळंच ऑब्जेक्ट. त्यासाठी अवेट कशाला थांबेल? न्यू प्रॉमिस करा आणि रिझॉल्व्ह (प्रॉमिस पूर्ण झाल्याचं सांगणारं फंक्शन) आतल्या सेटटाइमआउटच्या हातात द्या. नोड १५ किंवा त्यापुढचं असेल तर 'टायमर्स/प्रॉमिसेस' मॉड्यूलमध्ये हे आयतं मिळतं.

पण प्रश्नात पुढे 'डेटा सेव्ह व्हायला वेळ मिळावा म्हणून' असं लिहिलंय, ते वाचून माझं डोकं सटकलं.

पुण्यात एका कंपनीत होतो तेव्हा आमचं ॲप सेल्समन लोक वापरायचे. ऑर्डर सेव्ह करायची आणि मग यादी परत आणायची, एवढंच काम. यादीत नवी ऑर्डर कधी दिसायची, कधी नाही. आमचे सीनियर म्हणाले, "दोन सेकंदांचा टाइमआउट टाक, विषय संपला." ऑफिसच्या वायफायवर खरंच संपला. गडचिरोलीकडे मोबाइलला रेंज मिळायची मारामार, तिथे सेव्ह व्हायलाच जास्त वेळ लागायचा. यादीत ऑर्डर दिसेना म्हणून सेल्समन पुन्हा बटण दाबायचा. दुकानदाराकडे माल डबल. यावर साहेबांचा उपाय काय, तर दोनाचे पाच सेकंद! म्हणजे पुण्यातला माणूसही आता पाच सेकंद गोल चक्र बघत बसणार.

मी म्हणत होतो की सेव्ह करणाऱ्या फंक्शनमध्ये फेच (सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) आहे, फेच प्रॉमिस देतं, त्याच्या आधी फक्त रिटर्न लिहा आणि बाहेर अवेट करा. एका शब्दाचं काम. मला उत्तर मिळालं, "हे प्रॉमिस वगैरे फॅशन आहे, आम्ही कॉलबॅकवर आयुष्य काढलंय." (कॉलबॅक म्हणजे काम झालं की चालवायला दिलेलं फंक्शन.) फॅशन? प्रॉमिस २०१५ पासून भाषेच्या स्टँडर्डमध्ये आहे, असिंक-अवेट २०१७ पासून. सर्व्हरवर काय चाललंय हे टायमरला कळायचा मार्गच नाही, हे मान्य करायला कसली अडचण होती कोण जाणे.

तुम्हाला कोणी 'सध्या डिले टाक' म्हणालं तर हा आकडा कुठून आणला ते विचारा. आमच्याकडे कोणालाच सांगता आलं नव्हतं.

टायमर वाईट नाही. सर्चबॉक्समध्ये टायपिंग थांबायची वाट बघायला किंवा फसलेली रिक्वेस्ट थोड्या वेळाने पुन्हा पाठवायला तोच लागतो. फक्त महिन्याभराचं रिमाइंडर त्याच्यावर टाकू नका. २१४७४८३६४७ मिलिसेकंद, म्हणजे पावणेपंचवीस दिवसांच्या आसपास, ही त्याची मर्यादा. त्यावर गेलात तर नोड एक मिलिसेकंद धरतं आणि रिमाइंडर आत्ताच जातं.

आणि हो, डबल ऑर्डर नुसत्या अवेटने पूर्ण थांबत नाही. बटण डिसेबल करा, सर्व्हरवरही तपासा. सर्व्हरने ५०० (सर्व्हरवर चूक झाल्याचा कोड) दिला तरी फेच रिजेक्ट होत नाही, म्हणजे फसल्याचं कळवत नाही, तेव्हा रिस्पॉन्सचं ओके बघितल्याशिवाय यादी आणू नका.