इंजिन बदललेली जुनी फियाट ‘ओरिजिनल’ म्हणून विकता येते का?

नाही. ‘रिस्टोअर केलेली’ म्हणा आणि काय बदललंय ते आधीच सांगा. फियाट ११०० डिलाइटचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, पेट्रोलचं, गिअर स्टिअरिंगपाशी. तिथे डिझेल इंजिन बसवलं असेल तर जाणकार बॉनेट उघडताच ओळखतो. चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिनवरचे नंबर आरसी बुकाशी ताडून दाखवा. नंबर घासून नवा ठोकणं ही सरळसरळ फसवणूक आहे, मग रंगकाम कितीही देखणं असो.

वायरिंग, रबर, ब्रेक नवे घातले असतील तर त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. बिलं जपून ठेवा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हीए’, म्हणजे व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आहे, पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. घेणाऱ्याला हेही सांगा.