एमएस आहे, नोकरी सोडून देऊ का?

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार. तो असलेली माणसं माझ्याकडे आली की हा प्रश्न ठरलेलाच. आजार बहुतेकदा २० ते ४० वयात सुरू होतो, म्हणजे नोकरीत जम बसायच्याच काळात, त्यामुळे प्रश्न येणारच ना.

एका सरकारी ऑफिसातल्या क्लार्क ताईंचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलेला. घरचे म्हणत होते तब्येतीपेक्षा नोकरी मोठी आहे का, आणि ऑफिसात कुजबुज की दिसायला तर ठणठणीत आहे, नाटकं करते. हे दुसरं जास्त लागलं होतं त्यांना. एमएसचा थकवा बाहेरून दिसत नाही हो, आणि उन्हाळ्यात अंग तापलं की नजर धूसर होते, पाय जड पडतात, गारव्यात बसलं की परत बरं वाटतं, मग लोकांना वाटतं सोंग आहे.

मी म्हटलं, राजीनामा राहू दे पर्समध्येच, आधी सांगा दिवसात काय करायला आवडतं? तर म्हणाल्या, पगारबिलं. हिशोब जुळला की अजूनही छान वाटतं म्हणे. नको झालं होतं ते आवक-जावकचं टेबल, तिसरा मजला, लिफ्ट कायम बंद, दुपारी तिथे भट्टी. म्हणजे नोकरी नको नव्हतीच, ती जागा नको होती!

शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट आहे, आणि कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही, ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद द्यायचं असतं. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. खाजगीवाल्यांना एवढं कवच नाही, पण समान संधी धोरण त्यांनाही ठेवावं लागतं, एचआरकडे ते मागून बघा. आणि रिलॅप्स, म्हणजे आजार पुन्हा उसळलेला, चालू असताना राजीनाम्याचा निर्णय शक्यतो नकोच, तेव्हा सगळंच अंधारलेलं दिसतं.

त्यांनी डॉक्टरांचं पत्र जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली (ती घ्याच). बरेच हेलपाटे झाले, पण आता तळमजल्यावर आस्थापना शाखेत आहेत, किचकट बिलं सकाळीच उरकतात. कुजबुज मात्र थांबलेली नाही, त्यावर आमचं अजून चालू आहे.