पाटी लावली म्हणून झडतीचा हक्क मिळतो का?

प्रश्न : माझं कपड्यांचं दुकान आहे. दाराशी चोरी पकडणारं गेट बसवलंय. गेल्या महिन्यात एक बाई बाहेर पडताना अलार्म वाजला. गार्डने त्यांना आतल्या खोलीत तासभर बसवून ठेवलं, पर्स टेबलावर रिकामी केली. बिल बरोबर निघालं. शर्टाच्या खिशातलं लेबल आमच्याच कॅशिअरने बंद केलं नव्हतं. आता वकिलाची नोटीस आलीय. ‘बॅग तपासण्याचा हक्क राखून ठेवला आहे’ ही आमची पाटी कामाला येईल का?

उत्तर : फारशी नाही. पाटीखालून कोणी आत आलं म्हणजे त्याने झडतीला होकार दिला, असं होत नाही. होकार त्या वेळी विचारावा लागतो, आणि ‘नाही’ म्हटलं तर हात मागे घ्यावा लागतो.

मुळात तुमच्या गेटला काय कळतं ते पाहा. अकूस्टो-मॅग्नेटिक लेबलातली धातूची पट्टी ५८ किलोहर्ट्झच्या लहरींनी थरथरते, लहर थांबल्यावरही क्षणभर थरथरत राहते, आणि गेट तेवढंच टिपतं. बिल झालं की नाही, लेबल तुमचं की दुसऱ्याच दुकानाचं, याचा त्याला पत्ता नसतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. तो अलार्ममधून सिद्ध होत नाही.

‘साध्या माणसालाही अटक करता येते’ हे गार्ड लोक ऐकून असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये ते आहेही, पण गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) असावा लागतो, तोही तुमच्या समक्ष घडलेला. ५,००० रुपयांच्या आतल्या मालाची पहिली चोरी यात बसतच नाही. बसली तरी विनाविलंब, फार तर ६ तासांत, पोलिसांकडे सोपवावं लागतं. तुमच्याकडे तर चोरीच नव्हती. त्यामुळे न्याय संहितेचं कलम १२७, बेकायदा डांबून ठेवणं, अंगावर येऊ शकतं. शिक्षा १ वर्षापर्यंत आहे.

म्हणून ‘मजकूर खोटा व नाकबूल’ असलं छापील उत्तर पाठवू नका. सीसीटीव्हीचं फुटेज आजच काढून ठेवा, रेकॉर्डर जुनं पुसत जातो. नोटीस आल्यावर पुसलं गेलं तर कोर्ट त्याचा अर्थ तुमच्या विरुद्ध लावू शकतं. ते फुटेज पुढे कोर्टात दाखल करायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्रही लागेल. मग वकिलामार्फत, हक्कांना बाध न आणता (म्हणजे ती गुन्ह्याची कबुली ठरणार नाही अशा शब्दांत), दिलगिरी आणि तडजोड सुचवा. माझ्या मते हेच स्वस्तात पडेल. आणि हो, हा खर्च कॅशिअरच्या पगारातून परस्पर कापू नका. त्याचं म्हणणं ऐकून न घेता केलेली कपात हा आणखी एक वाद होईल.

गार्डला एक वाक्य पाठ करायला लावा : ‘आमच्याकडून टॅग काढायचं राहिलं असेल, जरा काउंटरवर येता का?’ आतली खोली मात्र कुलूपबंद ठेवा, गिऱ्हाइकाला तिथे नेऊच नका.